फितीवरची मैफल आणि रसिकाचा निवाडा

मराठी संगीतसमीक्षेच्या इतिहासातील मोठा भाग वाचकाने केवळ विश्वासावर स्वीकारलेला आहे. उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) या दोघांचेही गाणे ध्वनिमुद्रित झालेले नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणकाराने लिहिले म्हणून ते आपणांस ‘ठाऊक’ आहे. त्या लेखनाची पडताळणी करण्याचा मार्ग कोणालाही उपलब्ध नाही. पुढे स्पूलचे यंत्र घरोघरच्या मैफलींत आले, फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली, आणि हा पडताळा एकाएकी शक्य झाला. ज्याने गाणे ऐकले त्याच्याइतकाच ज्याने फीत ऐकली तोही बोलू लागला. खासगी ध्वनिमुद्रणांवर रसिकांनी लिहिलेली टिपणे, पत्रे आणि कॅसेटच्या वेष्टनावरचे शेरे यांतून समीक्षेचा एक नवा प्रकार जन्मास आला. त्याच्याकडे समीक्षा म्हणून कोणी फारसे पाहिलेले नाही. ते पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

पाश्चात्य देशांत रॉक संगीताच्या चाहत्यांनी हा प्रकार केव्हाच रूढ केला. बॉब डिलनच्या अप्रकाशित गाण्यांची चोरटी तबकडी १९६९ साली बाजारात आली. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदाने तर १९८४पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. त्यांचे चाहते एकच गाणे पंचवीस रात्री कसे वाजले याची तुलना करीत. कॉर्नेल विद्यापीठातील त्यांची ८ मे १९७७ची मैफल फितींच्या देवघेवीतूनच दंतकथा झाली. अधिकृतपणे ती २०१७ साली प्रकाशित झाली.

साम्य उघड आहे, पण आम्हांस भेद अधिक महत्त्वाचा वाटतो. रॉकच्या श्रोत्यापुढे गाण्याची एक प्रमाण प्रत असते आणि मैफल त्या प्रतीपासून किती दूर गेली हे तो मोजतो. ख्यालाच्या श्रोत्यापुढे अशी प्रत नसते. बंदिश चार ओळींची. तिच्यावर उभा राहिलेला तासाभराचा विस्तार त्या रात्रीचाच. उलट तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांत बसवलेला राग हाच संक्षेप ठरतो. म्हणून ज्याला इंग्रजी जगात ‘चोरटी प्रत’ म्हणतात ती आपल्याकडे पुष्कळदा मूळ संहिता असते. मल्लिकार्जुन मन्सूर अनवट राग कसे उलगडत हे समजून घेण्यास खासगी मैफलींच्या फिती टाळून चालणारच नाही.

जबाबदारी वाढते ती याच ठिकाणी. रसिकांच्या टिपणांत तीन दोष आम्हांस वारंवार आढळले आहेत.

पहिला दोष दुर्मिळतेला गुणवत्ता समजण्याचा. जी फीत फक्त चौघांकडे आहे तिच्यातले गाणे आपोआप ‘अलौकिक’ होते. पाचव्याला ती मिळाली की एक विशेषण गळते. हे संग्राहकाचे सुख आहे, श्रोत्याचा अभिप्राय नव्हे.

दुसरा दोष चरित्राने गाणे गिळण्याचा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचा. पुढे देवासला क्षयाने त्यांचे एक फुप्फुस निकामी केले आणि काही वर्षांच्या मौनानंतर ते पुन्हा गाऊ लागले. या हकिगतीचे ओझे त्यांच्या प्रत्येक फितीवर असते. छोटी, तीव्र, अवचित तुटणारी स्वराकृती आली की टिपणकार लिहितो, ‘श्वास अपुरा पडला.’ श्वासाचे कारण खरे असेलही. पण ती आकृती समेशी काय करते, मागच्या शांततेला काय उत्तर देते, हे त्यातून कळत नाही. कारण सांगितले की रसग्रहण झाले, हा भ्रम आहे.

तिसरा दोष यंत्राचा विसर पडण्याचा, आणि याबाबतीत आम्ही स्वतःच अपराधी आहोत. एका थोर गायकाच्या फितीवर आम्ही मंडळाच्या बैठकीत टिपण वाचले होते. आवाजाची धार, तानेची चपळाई आणि चढी पट्टी यांवरून ही मैफल तरुणपणीची असावी असा निष्कर्ष आम्ही मोठ्या ऐटीत काढला. विणकरांच्या वस्तीत आयुष्य गेलेले आमचे एक वृद्ध सभासद ऐकत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “निवेदन करणाऱ्याचा आवाजसुद्धा तरुण झालाय की! जरा पेटी लावून बघा.” पेटी लावली. फितीतली पेटी आमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी बोलत होती. यंत्र वेगाने फिरले होते. गायक तरुण नव्हता. वेग शेकड्याला सहाने वाढला की सूर एका पट्टीने चढतो आणि साठ मिनिटांचा ख्याल सत्तावन्नाच्या आत संपतो. लय, पट्टी, आवाजाचा पोत या ज्या तीन गोष्टींवर आम्ही बोलत होतो, त्या तिन्ही खोट्या होत्या. मागाचा ठोका जरा बदलला तरी ज्या कानाला कळतो, त्या कानाने आमची विद्वत्ता वाचवली. वडगावच्या मागांचे हे ऋण आम्ही येथे नोंदवितो.

त्या दिवसापासून काही पथ्ये आम्ही पाळू लागलो. टिपणाच्या आरंभी फितीची अवस्था लिहावी: सूर पडताळला काय, आरंभ-शेवट शाबूत आहे काय, नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीसाव्या मिनिटाला उलटताना किती आवर्तने गेली. तबला पुढे आणि तंबोरा मागे ऐकू येत असेल तर तो साथीदाराचा अतिरेक की ध्वनिग्राहकाची जागा, हे ठरविल्याखेरीज साथीवर शेरा मारू नये. पण श्रोत्यांची दाद फितीवर आली तर तिला गोंगाट समजू नये. आमच्या सीमाभागातल्या फितींत ‘वाहवा’च्या पाठोपाठ ‘भले’ येते, निवेदन कधी कानडीत तर कधी मराठीत असते. कानडी मातृभाषेचे भीमसेन मराठी अभंग आणि कन्नड दासपदे सारख्याच आत्मीयतेने गात. त्यांचा श्रोतृवर्गही असाच दुहेरी होता. प्रकाशित तबकडीत न सापडणारी ही साक्ष पुसून फीत ‘स्वच्छ’ करणे म्हणजे मैफलीतून माणसे उठवून लावणे होय.

शेवटचा प्रश्न संमतीचा आहे आणि तो टाळता येत नाही. केसरबाई केरकरांना आपले गाणे असे बंदिस्त होणे रुचत नसे. आपल्या कायद्याने १९९४च्या दुरुस्तीने गायक-वादकांना प्रयोगावरील हक्क दिला; स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणास त्यातून सूट आहे, विक्रीस नाही. परंतु कायदा पाळला म्हणजे नीती संपली असे नव्हे. तबकडी ही गायकाने जगापुढे ठेवलेली असते. खासगी मैफलीतले गाणे त्याने समोर बसलेल्यांना दिलेले असते. त्या रात्री आवाज लागला नाही, तान चुकली, तर तो निकाल कलावंताच्या आयुष्यावर लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. चोरून ऐकणाऱ्याने निदान न्यायाधीश तरी होऊ नये.

मग फिती नष्ट कराव्यात काय? आम्ही तसे म्हणणार नाही. परवानगीची वाट पाहिली असती तर मन्सूरांच्या आणि कुमारांच्या कितीतरी रात्री अल्लादियाखाँच्या गाण्यासारख्याच केवळ ऐकीव राहिल्या असत्या. फीत असावी, ती विकली जाऊ नये, आणि तिच्यावर लिहिणाऱ्याने आपल्या टिपणाखाली आपण काय ऐकू शकलो नाही हेही लिहावे. टेंब्यांच्या वाचकास त्यांच्यावर विश्वास ठेवावाच लागला. आमच्या वाचकास फीत मागून घेऊन आम्हांस खोटे पाडता येते. ही सोय त्याने अवश्य वापरावी. पेटी मात्र जवळ ठेवावी.