जीन रिओची दैनंदिनी: दोन निवेदिका

मॉर्मन पंथ स्वीकारलेली लंडनची विधवा जीन रिओ बेकर १८५१ मध्ये मुलांसह जहाजाने अमेरिकेस निघाली आणि सप्टेंबरात बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर सॉल्ट लेक सिटीस पोचली. धाकटा जोसाया वाटेत, समुद्रावरच दगावला. तरीही प्रवासाच्या नोंदींतील निवेदिका भोवतालचे जग कुतूहलाने न्याहाळते. मग दीर्घ मौन. आणि १८६९ मधली भ्रमनिरासाची पुरवणी. हिच्या आधारे पूर्वीची श्रद्धा भाबडी ठरविणे सोपे आहे (पुरवणी वगळून वाचणे तर अधिकच सोयीचे!). परंतु प्रवासातल्या निवेदिकेला शेवट ठाऊक नाही, पुरवणीतल्या निवेदिकेला आहे. शिवाय ही दुसरी पंथाशी वाद घालीत बसत नाही. वीस एकर खारपड जमिनीने पेरलेले बी मारले, एवढेच ती आधी सांगते.