तेरच्या पांढरीतलं धन

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला माणसं जातात ती गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या दर्शनाला. दर्शन झालं की रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालयही पाहावं. लामतुरे याच गावचे. गावच्या पांढरीतून निघालेल्या हजारो वस्तू त्यांनी जमवल्या आणि तो खासगी संग्रह पुढे शासनाच्या हाती आला.

तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचं नाव येतं ते भडोच बंदराला माल पाठवणारी पेठ म्हणून. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची गाठ अभ्यासक 1938 साली पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी घालतात. तिचं कौतुक खूप झालं. माझा जीव मात्र सातवाहनकाळातल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांवर जडला आहे.

अशी एखादी बाहुली नीट पाहा. पुढचा एक साचा, मागचा एक. दोन्हींत माती बोटांनी दाबून बसवायची, मग दोन्ही अर्धी जोडायची. म्हणून ती आतून पोकळ आणि हलकी. कडेनं सांध्याची बारीक रेघ शोधली तर सापडते. कानातली जड भूषणं, गळ्यातले हार, कमरेची मेखला, सगळं वीतभरही नसलेल्या अंगावर. आणि पाठही सपाट सोडलेली नाही. जी बाजू सहसा कुणी पाहणार नाही, तिच्यासाठीही कारागिरानं वेगळा साचा कोरला. मला हे फार मोठं वाटतं.

गाजतात त्या मात्र एकेकट्या मोठ्या वस्तू. 2025 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनानं 47 लाखांहून अधिक रुपये मोजून परत आणली. आणली हे उत्तमच झालं. पण तलवार एकटी असली तरी तलवारच राहते. तेरचा संग्रह लिलावात निघता, तर हस्तिदंताला मोठी बोली लागली असती आणि फुटकी मुंडकी, खापरं, मणी वाऱ्यावर गेले असते. मुंडक्याशेजारी धड आणि धडाशेजारी दिवा असला, तरच घर दिसतं, पेठ दिसते. लामतुऱ्यांची नजर मला यातच दिसते: त्यांनी फुटकंही ठेवलं.

बाहेर पडताना पुन्हा त्या सांध्याच्या रेघेकडे पाहिलं. गोरोबाकाकांच्या हजाराहून अधिक वर्षं आधी याच गावात कुणीतरी ओल्या बोटानं ती पुसत आणली होती.