छायाचित्रण-काचेवरील तेजोमापन : लेव्हिट यांच्या १९१२ च्या परिपत्रकाचे मूल्यमापन

हार्वर्ड कॉलेज वेधशाळेचे १७३ वे परिपत्रक मार्च १९१२ मध्ये निघाले. लघु मॅगेलानी मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांचे आवर्तनकाल हा त्याचा विषय. त्यावर स्वाक्षरी संचालक एडवर्ड पिकरिंग यांची आहे. विवेचन हेन्रिएटा लेव्हिट यांनी सिद्ध केल्याचा उल्लेख आरंभीच्या एका वाक्यात आटोपला आहे. आकाशगंगेबाहेरील अंतरे मोजण्याच्या साधनाचे उगमस्थान म्हणून या परिपत्रकाचा गौरव होतो. हा गौरव यथार्थ असला तरी अपुरा आहे. कारण त्यात निष्कर्ष लक्षात राहतो आणि मापनाचा विसर पडतो.

काचेवरील ठिपका म्हणजे ताऱ्याची तेजस्विता नव्हे. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा व गडद उमटतो. परंतु हे प्रमाण सरळ नसते. काचेवरील लेपाची संवेदनशीलता, प्रकाश पडू दिल्याचा काळ, दुर्बीण आणि वातावरण यांनुसार ते बदलते. म्हणून ज्ञात प्रतीच्या ताऱ्यांच्या श्रेणीशी ठिपक्याची तुलना करावी लागते. लेव्हिट यांनी ही अडचण झाकलेली नाही. ताऱ्यांची दाटी, त्यांतील अनेकांचे १५ व्या प्रतीहून कधीच अधिक तेजस्वी न होणे, उपलब्ध छायाचित्रांची अल्प संख्या हे सर्व त्या नोंदवतात. निरपेक्ष प्रतींचे निर्धारण काही काळ समाधानकारकपणे पूर्ण होणार नाही, असेही सांगतात.

तरीही त्यांचा निष्कर्ष टिकतो. तारे जवळपास समान अंतरावर असल्याने दृश्य तेजातील फरक हाच मूळ तेजातील फरक ठरतो. श्रेणीचा आरंभबिंदू चुकला तरी ती चूक सर्वांना सारखीच लागू होते. मात्र तेज एका प्रतीने वाढता आवर्तनकालाचा लॉगॅरिथम ०.४८ ने वाढतो, हा आकडा श्रेणीतील अंतराच्या अचूकतेवर अवलंबून आहे. नियमाचे अस्तित्व आणि नियमाचा आकडा यांची विश्वसनीयता एकच नव्हे, हा भेद पुढील अनेक विवेचनांत पुसट झाला. हर्टझस्प्रुंग यांनी १९१३ मध्ये याच संबंधावरून अंतर काढले. लेव्हिट मात्र श्रेणी पक्की करण्याच्या कामात राहिल्या आणि ९६ ताऱ्यांची उत्तर ध्रुवीय श्रेणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

वेधशाळेतील स्त्रियांना ‘गणक’ म्हटले जाई. या संज्ञेने त्यांचे काम यांत्रिक ठरवले. वस्तुतः कोणता ठिपका कोणत्या ताऱ्याशी ताडावा आणि त्या तुलनेवर किती विसंबावे, हा निर्णय सैद्धांतिक स्वरूपाचाच होता. हार्वर्डच्या चार लाखांहून अधिक काचांचे २०२४ पर्यंत अंकीकरण झाले. त्यांवरील ठिपक्यांनाही प्रत देण्यासाठी ज्ञात ताऱ्यांचाच आधार घ्यावा लागतो. परिपत्रकाचे खरे मोल म्हणूनच त्याच्या नियमाइतकेच त्याच्या संयमात आहे.