विनामूल्य शेक्सपिअर : जोसेफ पॅप यांचे उद्यान-नाट्य आणि प्रेक्षकाचा प्रश्न

प्रास्ताविक

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उन्हाळ्यात शेक्सपिअरची नाटके उघड्यावर आणि विनामूल्य सादर होतात. या उपक्रमाकडे बहुधा दानधर्म म्हणून पाहिले जाते. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी केलेली सोय, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. हे आकलन अपुरे आहे, असे प्रस्तुत टिपणात मांडायचे आहे. विनामूल्य प्रवेशामुळे प्रयोगाचे स्वरूप बदलते आणि प्रेक्षकाचे स्थानही बदलते.

१. पार्श्वभूमी

जोसेफ पॅप (१९२१–१९९१) हे ब्रुकलिनमधील गरीब स्थलांतरित ज्यू कुटुंबातले. १९५४ मध्ये त्यांनी मॅनहॅटनमधील एका चर्चच्या जागेत लहानशी शेक्सपिअर कार्यशाळा सुरू केली. १९५६ मध्ये ईस्ट रिव्हरकाठच्या खुल्या रंगमंचावर ‘ज्युलिअस सीझर’ झाले आणि १९५७ मध्ये ट्रकवरचा फिरता रंगमंच घेऊन मंडळी शहराच्या वेगवेगळ्या भागांत गेली.

१९५९ मध्ये उद्यान-आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी अट घातली : गवताची नासाडी होते, म्हणून प्रवेशशुल्क घ्या. पॅप यांनी नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. वरिष्ठ न्यायालयाने शुल्काचा हा आग्रह मनमानी ठरवला. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक वाचायला पैसे पडत नाहीत, मग नाटकाला का पडावेत, ही पॅप यांची भूमिका होती. पुढे १९६७ मध्ये त्यांच्या संस्थेने कायमचे नाट्यगृह उघडले, ते अॅस्टर ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीत.

२. उघडा रंगमंच आणि संहिता

शेक्सपिअरच्या काळी ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दुपारी होत. ‘हॅम्लेट’ची सुरुवात मध्यरात्रीच्या पहाऱ्याने होते, पण प्रेक्षक लख्ख उजेडात उभे असत. ती रात्र, थंडी आणि भीती संवादांतूनच उभी करावी लागे. बंदिस्त नाट्यगृहात हे काम प्रकाशयोजना करते आणि शब्द काहीसे जादा वाटू लागतात. उद्यानात नाटक संध्याकाळच्या उजेडात सुरू होते व अंधारात संपते. त्यामुळे पूर्वार्धात भार शब्दांवर असतो आणि उत्तरार्धात दिव्यांवर. वरून विमान जाते, कुठे सायरन वाजतो. अशा जागी कुजबुजता, अंतर्मुख अभिनय टिकत नाही. वाक्य लांबवर पोहोचवणारा, प्रेक्षकाला थेट सामोरा जाणारा अभिनय लागतो आणि शेक्सपिअरची स्वगते त्यासाठीच लिहिलेली आहेत.

३. ग्राहक की नागरिक?

१९६२ मध्ये सुमारे १८०० आसनांचे डेलाकोर्ट नाट्यगृह ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ने उघडले. शायलॉकची भूमिका जॉर्ज सी. स्कॉट यांनी केली. हा प्रयोग दूरचित्रवाणीवरून दाखवण्यास न्यूयॉर्कच्या ज्यू धर्मगुरूंच्या मंडळाने आक्षेप घेतला. पॅप स्वतः ज्यू होते, तरी ते आपल्या निवडीवर ठाम राहिले. येथे महत्त्वाचा मुद्दा असा : तिकीट काढणाऱ्याला नाटक रुचले नाही, तर तो पुन्हा येत नाही, त्याचा आक्षेप तिथेच संपतो. सार्वजनिक जागेतील विनामूल्य प्रयोग मात्र सगळ्या शहराचा असतो. म्हणून ‘हे आमच्या नावाने का?’ असे विचारण्याचा हक्कही सगळ्या शहराला मिळतो. हा वाद विनामूल्यतेचा अपघात नसून तिचा परिणाम आहे.

४. मर्यादा

विनामूल्य म्हणजे खर्चाविना नव्हे. आपल्याकडे जत्रेतल्या दशावताराला तिकीट नसते, कारण खर्च गाव उचलते. डेलाकोर्टचा भार देणगीदार आणि शहर उचलतात, पण मागणी आसनांपेक्षा जास्त असल्याने प्रेक्षकाला वेळेच्या रूपात किंमत मोजावी लागते. तासन्‌तास रांगेत उभे राहणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. उलट पैसेवाला दुसऱ्याला पैसे देऊन रांगेत उभा करू शकतो. असा व्यवहार प्रत्यक्ष घडला आणि तत्त्वचिंतक मायकेल सँडेल यांनी बाजाराच्या नैतिक मर्यादांवरील २०१२ च्या पुस्तकात त्याची चर्चा केली आहे.

या कसोटीवर १९५७ चा ट्रक डेलाकोर्टपेक्षा सरस ठरतो. ट्रकभोवतीचा प्रेक्षक वस्तीतलाच असतो. त्याचे पैसे गुंतलेले नसतात, वेळही नाही. कंटाळला तर तो उठून जातो. म्हणून नटाला प्रत्येक प्रवेश नव्याने जिंकावा लागतो.

समारोप

तिकीट काढून टाकल्याने रंगभूमी आपोआप सर्वांची होत नाही. नाटक प्रेक्षकाकडे जाते की प्रेक्षकाला आपल्याकडे बोलावते, हा खरा प्रश्न आहे. पॅप यांच्या कार्याचे मोल त्यांनी उभारलेल्या वास्तूंपेक्षा हा प्रश्न न्यायालयापर्यंत आणि रस्त्यापर्यंत नेण्यात आहे.

विचारासाठी प्रश्न

१. खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या संवादांचे कार्य कसे बदलते?
२. आपल्या परिसरातील एखाद्या विनामूल्य नाट्यप्रकाराचा खर्च कोण उचलतो आणि त्याचा आशयावर काय परिणाम होतो, ते सोदाहरण लिहा.