शब्दांवांचून उपासना

धर्मांतराच्या कथा बहुधा एकाच सांच्यांतून निघालेल्या असतात. आधीं अंधार, मग एकाएकीं प्रकाश, आणि अखेरीस सोडलेल्या घरावर चारदोन दगड. मिस् कॅरोलाइन स्टीफन यांच्या १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘क्वेकर स्ट्राँगहोल्ड्स’ या पुस्तकांत दगड तर नाहींतच, पण प्रकाशाचा गाजावाजाही नाहीं. एका विचारी बाईस आपल्या मनाजोगें उपासनेचें ठिकाण कसें सांपडलें, एवढेंच त्यांत आहे. आणि तेवढ्यासाठीं तें अजूनही वाचावें असें आम्हांस वाटतें.

बाईंचा जन्म १८३४ चा. वडील सर जेम्स स्टीफन हे वसाहतखात्यांतील वजनदार अधिकारी. गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा त्यांच्या हातचा. घराणें इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधलें, आणि त्यांतही कळकळीच्या भाविकांचें. बंधु फिट्झजेम्स यांची ओळख आपल्या वकीलमंडळींस करून द्यावयास नको. १८७२ चा पुराव्याचा कायदा त्यांनींच रचला, व तो २०२४ च्या जुलैपर्यंत आपल्या न्यायालयांत चालू होता. दुसरे बंधु लेस्ली यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली व पुढें ती टाकून दिली. अज्ञेयवादाचे ते नामांकित पुरस्कर्ते. एक भाऊ पुरावा पारखणारा, दुसरा पुरावा नाहीं म्हणून देऊळच सोडून गेलेला! अशा दोघांच्या बहिणीनें अंतर्ज्योतीवर पुस्तक लिहावें, ही गोष्ट मौजेची खरी, पण पुस्तक समजण्यास ती उपयोगीही आहे.

बाईंची अडचण श्रद्धेची नव्हती, शब्दांची होती. चर्चमध्यें सर्वांनीं मिळून ठराविक प्रार्थना म्हणावयाच्या, ‘आम्ही अमुक मानतों’ अशी ग्वाही द्यावयाची. ज्याचें मन त्यांतल्या प्रत्येक वाक्याला रुकार देत नाहीं त्यानें काय करावें? ओठांनीं म्हणावें आणि मनांत खजील व्हावें, किंवा लेस्लीप्रमाणें उठून जावें. आपल्याकडे १८६७ सालीं मुंबईस प्रार्थनासमाज निघाला तेव्हां त्या मंडळींपुढेंही याच जातीचा पेंच होता. त्यांनीं शब्द बदलले. क्वेकरांनीं शब्दच बाजूस ठेवले.

जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या शिकवणीतून निघालेल्या या मित्रसमाजांत, निदान इंग्लंडांतील जुन्या परिपाठाप्रमाणें, पगारी उपाध्याय नाहीं, वेदी नाहीं, ठरलेलें स्तोत्र नाहीं. साध्या खोलींत बांकांवर मंडळी स्वस्थ बसतात. कोणास अंतरींची प्रेरणा झाली, मग तो पुरुष असो वा स्त्री, तर तो उठून चार शब्द बोलतो. न झाली तर सबंध बैठक मौनांत संपते. बाई अशा एका रविवारच्या बैठकीस गेल्या. तेथें त्यांना जें उमगलें तें त्यांनीं मोठ्या प्रामाणिकपणें सांगितलें आहे : नुसतें शांत बसल्यानें कोणत्याही मताची ग्वाही दिली असें होत नाहीं, आणि तरीही त्या शांततेंत ईश्वराचें दार उघडतें. पुस्तकाचा सारा जीव या एका जागीं आहे. त्या दिवसानंतर सभासद होण्यापूर्वीं कांहीं वर्षें लोटलीं. १८७९ सालीं त्या समाजांत दाखल झाल्या. ही सावकाशी आम्हांस फार मोलाची वाटते. एका दिवसांत मिळालेल्या घरांत मनुष्य पाहुणाच असतो.

नामाच्या गजरांत आणि टाळमृदंगाच्या नादांत देव शोधणाऱ्या आपणां लोकांस हें मौन प्रथम कोरडें वाटेल. परंतु तें एकट्यानें डोळे मिटून बसणें नव्हे. शेजारीं दुसरा बसला आहे, तोही वाट पाहत आहे, ही जाणीव त्यांतली मुख्य. बाई एकांतप्रिय होत्या, अविवाहित होत्या. पुष्कळ वर्षें आईच्या शुश्रूषेंत गेलेल्या. त्यांना एकांत हवा असता तर तो घरींही होता. सोबतीचा एकांत मात्र बैठकींतच मिळाला.

दोष नाहींत असें नाहीं. अंतर्ज्योतीवरील प्रकरण संपतें तरी तिची नेमकी व्याख्या हातीं लागत नाहीं, आणि माझी प्रेरणा ईश्वराची कीं माझ्याच लहरीची, हें ओळखावें कसें, या प्रश्नाचें उत्तर फिट्झजेम्स यांच्यासारख्या न्यायाधीशास पटेल असें तेथें नाहीं. शपथेच्या प्रश्नावर मात्र क्वेकरांची बाजू बळकट आहे. न्यायालयांत शपथ घेऊन खरें बोलावयाचें, तर एरवींच्या बोलण्याची किंमत काय? १६९५ सालच्या कायद्यानें इंग्लंडांत त्यांना शपथेऐवजीं प्रतिज्ञेवर बोलण्याची मुभा पुष्कळ बाबतींत मिळाली. बाईंनीं सोडलेल्या प्रार्थनांचेंही मूळ याच सत्यनिष्ठेंत आहे. त्या निष्ठेच्या कक्षा मात्र सर्वत्र सारख्या नाहींत. ज्या समाजांत बायका पुरुषांच्या बरोबरीनें उठून बोलत, त्याच्या या सभासद बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या विरुद्ध होत्या!

त्यांची पुतणी व्हर्जिनिया, म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेल्या व्हर्जिनिया वुल्फ, १९०४ सालीं वडील लेस्ली वारल्यानंतर दुखण्यांतून उठली तेव्हां कांहीं काळ केंब्रिजला या आत्याच्या घरीं राहिली होती. १९०९ सालीं आत्या निवर्तल्या. पुतणीस त्यांनीं अडीच हजार पौंड ठेवले होते. पुतणीनें क्वेकरांचा धर्म घेतला नाहीं, आणि आत्यांनीं तशी अपेक्षा केल्याचेंही कोठें दिसत नाहीं.