किनवटचा उमेदवार कुणाचा?

महाराष्ट्रातल्या पुरोगाम्यांच्या पराभवचिंतनाला एक साचा आला आहे. आरंभी फुले-शाहू-आंबेडकर, मध्ये पैसा आणि माध्यमं, शेवटी ‘समाजच प्रतिगामी झाला’ ही खंत. हे लेखन मतदाराकडे फार वरून पाहतं.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड लोकसभा मतदारसंघात लोकांनी एकाच वेळी दोन मतं दिली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले. त्याच मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना कुणी प्रतिगामी होत नाही. माणूस हिशेब करतो: उमेदवार कोण, आपल्यातला कोण, अडीनडीला कोण येतं, पदरात काय पडतं. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार लाच म्हणून हिणवायचे आणि स्वतःच्या जाहीरनाम्यात तीन हजार कबूल करायचे, यात त्या हिशेबाची समजही नाही आणि आदरही नाही.

याच जिल्ह्यातलं किनवट अधिक अवघड प्रश्न विचारतं. १९९३च्या पोटनिवडणुकीत प्रकाश आंबेडकरांच्या भारिप-बहुजन महासंघाचे आदिवासी उमेदवार भीमराव केराम इथून विजयी झाले. प्रस्थापितांच्या दारात न जाता बौद्ध, आदिवासी आणि छोट्या जाती एकत्र येऊन आमदार निवडू शकतात, हे त्या निकालाने दाखवलं. २०१९ आणि २०२४मध्ये तेच केराम भाजपचे आमदार झाले.

याला संधिसाधूपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण उमेदवार गेला तेव्हा त्याला घडवणारी आघाडी कुठे होती? निवडणुकीपुरती बांधलेली मोट निकालानंतर सुटते. भाजपनेही ‘माधव’च्या रूपाने माळी, धनगर, वंजारी यांची बेरीज केली, फरक इतकाच की त्या बेरजेखाली बारमाही संघटना होती. गणित दोघांचं सारखंच. एकाने ते वही मिटल्यावरही चालू ठेवलं.

पुरोगाम्यांना हे परकं नाही. कंधारला शेकापचे केशवराव धोंडगे वर्षानुवर्षं निवडून आले, ते शाळा, ‘जय क्रांती’ साप्ताहिक आणि रस्त्यावरचे लढे यांच्या बळावर. तिथे विचार भाषणातून नव्हे, व्यवहारातून पोचत होता.

म्हणून सत्ता परत मिळवण्याचा प्रश्न ‘कोणती आघाडी’ इथून सुरू होऊ नये. किनवटला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे. वनहक्काचा दावा अडलेला, वसतिगृहाचा प्रवेश लांबलेला माणूस तिथे खेटे घालतो. त्याच्यासोबत निवडणूक नसलेल्या वर्षी कोण जातं? आणि तिकिटं ठरतात त्या खोलीत त्याला खुर्ची आहे का? या दोन प्रश्नांना ज्यांच्याकडे उत्तर नाही, त्यांनी समाजाला प्रतिगामी म्हणण्याची घाई करू नये.