निधीसाठी गायलेलं गाणं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "मैफल चांगल्या कामासाठी असेल तर तिच्यावर टीका करावी का?" तेव्हा वेळ संपली होती. आज एकच मैफल समोर ठेवून उत्तर शोधू.

7 जुलै 1990. रोममधल्या कॅराकलाच्या प्राचीन स्नानगृहांचे भग्नावशेष, वर उघडं आकाश. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. मंचावर ऑपेराचे तीन टेनर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक: लुचानो पावारोत्ती, प्लासिदो डोमिंगो आणि होसे कारेरास. फ्लॉरेन्स आणि रोम इथले दोन वाद्यवृंद एकत्र केलेले, आणि त्यांचं संचालन करणारे झुबिन मेहता, आपल्या मुंबईत जन्मलेले. कारेरास यांना 1987 मध्ये रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यातून उठून त्यांनी 1988 मध्ये बार्सिलोनात या रोगाविरुद्ध काम करणारी संस्था काढली. ही मैफल त्या संस्थेच्या मदतीसाठी होती.

कार्यक्रमात 'तोस्का', 'तुरान्दोत' अशा ऑपेरांतली पदं होती, नेपल्सची लोकप्रिय गाणी होती, आणि शेवटी देशोदेशींच्या गाण्यांची एक लांबलचक माळ.

आता कुणी म्हणेल, नेपल्सची ही गाणी लोकगीतं कुठे? 'ओ सोले मिओ' 1898 मधलं, कर्त्यांची नावं ठाऊक असलेलं. 'कोरे न्ग्रातो' 1911 मधलं, आणि तेही अमेरिकेत गेलेल्या इटालियनांनी रचलेलं. आक्षेप बरोबर आहे. पण आपल्या लावणीत शाहिराचं नाव शेवटच्या ओळीत गुंफलेलं असतंच ना? तरी ती लोकांचीच. गाण्याचा कर्ता अज्ञात असतो म्हणून ते लोकांचं होत नाही, बरं का. त्यावरचा कर्त्याचा ताबा सुटतो, जो उचलेल तो त्याला आपल्या गळ्याप्रमाणे वाकवतो, म्हणून ते लोकांचं होतं. ऑपेरात उलट. तिथे स्वर न् स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला, आणि गायकाची कसोटी त्याच्याशी इमान राखण्यात.

हा फरक मनात धरून ती माळ ऐका. मेक्सिकोचं 'सिएलितो लिंदो', रशियाचं 'ओची चॉर्निये', अर्जेंटिनाचा टँगो 'कामिनितो', पॅरिसचं 'ला व्ही आँ रोझ'. लालो शिफ्रिन यांनी ती कौशल्याने ओवली आहे, यात वाद नाही. पण प्रत्येक गाण्याखाली त्याच फुगत जाणाऱ्या व्हायोलिनी, प्रत्येकाचा शेवट तशाच चढत्या स्वरावर. दहा भाज्यांना एकच गोडा मसाला घातला की कुठली भाजी कुठली, हे जिभेला कळत नाही. बोलीचा हेल गेला, श्वासाची जागा गेली. लोकांचं गाणं मंचावर आलं, लोकांचा गायक मात्र आला नाही. याला संगम म्हणायला आम्ही तयार नाही.

आणि तरीही, त्याच संध्याकाळी एक क्षण असा आला, की आम्हाला आमचं मत थोडं मागे घ्यावं लागतं. पुन्हा एकदा 'ओ सोले मिओ' सुरू झालं. पावारोत्तींनी एक स्वर मुद्दाम लांबवत हलवला. उरलेल्या दोघांनी मिळून त्याची हुबेहूब, किंचित अतिशयोक्त नक्कल केली. लोक हसले, टाळ्या पडल्या. आपल्या कलगी-तुऱ्यात एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलावं, तसं. इथे गाणं लिहिलेल्या कागदावरून उतरलं आणि जागच्या जागी वाकलं. आमच्या लेखी खरा संगम तेवढाच, पण तो झाला.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे म्हण आहे, "धर्माची गाय अन् दात का गं नाय?" दान मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये. पण बघा, इथे गाय आपल्याला दिलेली नाही. दान रुग्णांना आहे. आपण तिकीट काढून ऐकणारे. त्यामुळे ही म्हण आपल्याला लागू होत नाही.

कांटने 1790 मध्ये सांगितलं, की सौंदर्याचा निर्णय हितसंबंधापासून अलिप्त असतो. आम्ही साध्या भाषेत म्हणू, पुण्याचं खातं वेगळं, सुरांचं वेगळं, आणि एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती करता येत नाही. टीकेने निधीतला एक रुपया कमी होत नाही. उलट हेतूसाठी वाहवा केली, तर गाणं देणगीची पावती होऊन बसतं. कलावंत दान म्हणून कला देतो. ती नीट न ऐकता वाखाणणं म्हणजे ते दान न उघडताच बाजूला ठेवणं.

आपले आजोबा-पणजोबा हे जाणत होते. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केलं. फंडासाठी पैसे मोजूनही रसिकांनी त्या प्रयोगाची आठवण जपली ती गाण्याची, कोण कुठे सरस ठरला याची. त्यात कुणाची देशभक्ती उणी पडली नाही.

तेव्हा आमचं उत्तर असं: अशा मैफलीचं तिकीट जरूर काढा, जमेल तेवढी निधीत भर घाला, फक्त कान घरी ठेवून जाऊ नका.

इथे थांबतो.